कोसा : अरण्यातील रेशीम

रायपूरच्या बाजारपेठेतील 'कोसा' वस्त्र टसर पतंगाच्या अळीने निर्माण केलेल्या धाग्याचे असते. हा पतंग छत्तीसगढ, झारखंड व विदर्भाच्या अरण्यांत आढळतो. अळी ऐन, अर्जुन किंवा साल या वृक्षांची पाने खाते, चार वेळा कात टाकते आणि अखेरीस स्वतःभोवती टणक कोश विणते. कोशातून बाहेर पडलेला पतंग काहीही खात नाही. नर-मादीचे मीलन होते, मादी अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत दोघांचे आयुष्य संपते.

पतंग बाहेर पडताना कोशाला छिद्र पडते. म्हणून अखंड धाग्यासाठी कोशातील जीव आधीच मारला जातो. मात्र काही कोश बियाण्यासाठी राखावेच लागतात. सर्वच कोश उकळले, तर पुढील हंगामात अळ्याही नसतील आणि धागाही मिळणार नाही.