आवाज नाही, जोर आहे

टाटांची हॅरियर पिंपरीत तयार होते. तिच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, ३५० न्यूटन-मीटर. जून २०२५ मध्ये आलेल्या दोन मोटारींच्या विद्युत हॅरियरचा ५०४. कंपनीच्या दाव्यानुसार ती शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरवर ६.३ सेकंदांत पोचते. चाकणला बनणारी महिंद्राची विद्युत बीई ६ त्यासाठी ६.७ सेकंद घेते. १९६०च्या दशकातल्या अमेरिकी मसल कारला एवढ्या चपळाईसाठी भलंमोठं व्ही-८ इंजिन लागायचं.

पण खरी गंमत आकड्यात नाही, तो जोर कधी मिळतो यात आहे. इंजिनाला आधी हवा ओढावी लागते, इंधन जाळावं लागतं. टर्बो डिझेलचा पूर्ण पीळ मिळतो तो मिनिटाला दीडेक हजार फेऱ्यांच्या पुढे. म्हणून तर क्लच आणि गिअर. विद्युत मोटारीत मात्र वेटोळ्यातून प्रवाह वाहिला की चुंबकीय बल तयार होतं आणि उभ्या गाडीलाही पूर्ण पीळ मिळतो. वेग वाढला की चित्र पालटतं. फिरणारी मोटार स्वतःच जनित्रासारखा उलटा विद्युतदाब निर्माण करते, प्रवाह रेटणं अवघड होतं आणि पीळ उतरतो. सिग्नलवर झेप घेणारी गाडी महामार्गावर तितकी भेदक वाटत नाही, ती यामुळेच.

बॅटरीचं वजन आणि तापणं हे दुखणं उरतंच. आणि आवाज? बीई ६ साठी कृत्रिम ध्वनी चक्क संगीतकार ए. आर. रहमान यांच्याकडून करून घेतले आहेत. व्ही-८च्या भक्तांना ते रुचेल असं मला वाटत नाही.