दोन पोरं गावाला गेली तर दुकान कोण चालवणार? कबड्डीतला 'तिघांचा सराव'



या आठवड्याच्या व्हिडिओत मी 'तिघांचा सराव' असं म्हणालो आणि वेळ संपत आला म्हणून पुढे निघून गेलो. तो नेमका काय प्रकार आहे, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. मुलुंडला माझं किराणा आणि पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. माझ्यासकट पाच जण. त्यातली दोन पोरं सिंधुदुर्गची, म्हणजे गणपतीला ती गावाला जाणार हे ठरलेलंच. आणि माझ्या धंद्याचा वर्षातला सगळ्यात मोठा आठवडा कुठला? तोच!

तीन वर्षांपूर्वी हरतालिकेच्या संध्याकाळी दुकानात आम्ही तिघेच होतो. मी गल्ला सोडून माळ्यावर कापूर शोधायला चढलो. एक जण फोनवर ऑर्डर लिहून घेत होता. तिसऱ्याच्या समोर पंधरा-वीस माणसं. एक काकू अर्धा तास थांबल्या, मग हातातलं सामान काउंटरवर ठेवून निघून गेल्या. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. आजही रस्त्यात भेटल्या की हसतात, पण दुकानात येत नाहीत.

तेव्हा मी म्हणायचो, माणसं कमी होती. आज म्हणतो, माणसं कमी असताना कसं खेळायचं, हे आमचं ठरलेलं नव्हतं.

मॅटवर तिघेच उरतात तेव्हा

हे माझ्या डोक्यात शिरलं कबड्डीमुळे. आपल्या उपनगरांत संध्याकाळी एखाद्या मैदानावर मंडळाचा सराव चालू असतोच. एकदा मी बघत उभा होतो. बारा-तेरा मुलं हजर असूनही प्रशिक्षकांनी बचावाला फक्त तिघांना उभं केलं आणि एकामागून एक चढाईपटू सोडले. तिघे हरले की पुन्हा तेच तिघे. अर्धा तास हेच!

नियम बघितला की कारण कळतं. कबड्डीत मैदानात सात जण असतात. बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले आणि तरी त्यांनी पकड केली, तर पकडीच्या एका गुणासोबत आणखी एक गुण मिळतो. हीच सुपर टॅकल, म्हणजे अव्वल पकड. पण पकड फसली, तर चढाईपटूला हात लावलेला प्रत्येक जण बाद. तिघेही गेले तर लोण चढतो आणि समोरच्याला 2 गुण जास्तीचे मिळतात. म्हणजे एकाच चढाईत डाव इकडचा तिकडे.

मग ते तिघे सराव कशाचा करतात?

पहिलं, पाठलाग करायचा नाही. सहापेक्षा कमी बचावपटू असताना चढाईपटूला बोनस रेषेचा गुण मिळत नाही. त्याला गुण हवा असेल तर स्पर्श करायला आत यावंच लागतं. त्यातून सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. म्हणजे थांबणं तिघांच्याच फायद्याचं असतं.

दुसरं, जागा पक्क्या. डावा कोपरा कुणाचा, उजवा कुणाचा, पहिला हात कोण घालणार, हे आधीच ठरलेलं.

तिसरं, एकाने घोटा धरला की बाकीच्या दोघांनी त्याच क्षणी झेपावायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तर चढाईपटू ओढत मध्यरेषा गाठतो. ही वेळ सांगून जमत नाही, शंभर वेळा करूनच जमते. यू मुम्बाने 2015 मध्ये प्रो कबड्डी जिंकली तेव्हा सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर ही कोपऱ्यांतली जोडी आठवा. दोघे वेगवेगळे चांगले होतेच, पण धाक होता तो जोडीचा.

बर्फावरही हाच हिशोब

आइस हॉकीत तर यासाठी वेगळा सरावच असतो. आपल्याकडे हा खेळ लडाख-हिमाचलचा. आपल्या महिला संघाने 2025 मध्ये यूएईतल्या अल ऐनला झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. या खेळात गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात. एखाद्याने साधा फाउल केला की त्याला 2 मिनिटं बाहेर बसवतात आणि बदली खेळाडू मिळत नाही. गोलरक्षक सोडले तर चार विरुद्ध पाच!

कमी असलेले चौघे साधारण चौकोन करून गोलसमोरची जागा धरतात. चकतीमागे धावत नाहीत. चकती हाती लागली की सरळ दूर मारतात, तेवढाच वेळ जातो.

आणि जास्त असलेले पाच? त्यांनाही सराव लागतो! सगळेच गोलकडे धावले तर गर्दी होते आणि जास्तीचा माणूस वाया जातो. म्हणून पसरून उभं राहायचं, भराभर पास द्यायचे आणि जो मोकळा सापडेल त्याने मारायचं. जादा माणूस आपोआप फायदा देत नाही. दिवाळीला चार जादा पोरं ठेवून बघा, सराव नसेल तर ती एकमेकांच्या पायात येतात.

दुकानात हा सराव कसा करायचा?

बीबीएला मनुष्यबळाचं नियोजन शिकलो होतो, पण मला उपयोगी पडलं ते हे:

1. मंदीची दुपार निवडा. आम्ही मंगळवारी 3 ते 5 हे करतो. पाचही जण दुकानात असतात, पण दोघांनी स्टुलावर बसून फक्त बघायचं. दुकान तिघे चालवणार.

2. कोपरे ठरवा. एक गल्ल्यावर. आग लागली तरच त्याने गल्ला सोडायचा! एक काउंटरवर, एक माल काढून द्यायला. मालक असलात तरी माळ्यावर चढायचं नाही.

3. काय सोडायचं ते आधी लिहा. आमच्याकडे माणसं कमी असली की फोनवरची ऑर्डर बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकायची. घरपोच सामान रात्री 9 नंतर. सगळंच करायला गेलात की कोपरा उघडा पडतो.

4. गर्दी मोकळी करा. एक-दोन वस्तूंवाल्यांना आधी मोकळं करायचं. जास्त खपणाऱ्या वीस वस्तू हाताशी, पूजेच्या साहित्याची पाकिटं आदल्या रात्री बांधून तयार.

5. जादा माणसाला एकच काम द्या आणि सणाच्या दोन दिवस आधी तेच करून घ्या.

सरावात चुका होणार. पहिल्या मंगळवारी आमचा हिशोब 340 रुपयांनी चुकला. ओरडू नका, स्टुलावर बसलेल्यांना विचारा. बाहेरून बघणाऱ्याला आधी दिसतं.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. खेळात फाउल कधी होईल सांगता येत नाही, पण आपल्याला तारीख माहीत असते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं. पोरं तिकिटाच्या मागे लागली की मी कॅलेंडरवर खूण करतो. पुढचे सगळे मंगळवार सरावाचे.

गेल्या गणपतीत सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा यूपीआय अडकलं आणि रांग फुटपाथवर गेली. पण सामान टाकून निघून गेलं असं एकही गिऱ्हाईक मला दिसलं नाही.

"पण सर, मी तर एकटाच आहे!"

मग तुम्हालाच याची जास्त गरज आहे. तुम्हाला ताप आला तर? आई दवाखान्यात असेल तर? या आठवड्यात एक तास बायकोला, भावाला, जो कोणी मागे उभा राहू शकेल त्याला गल्ल्यावर बसवा आणि तुम्ही समोरच्या टपरीवर चहा घ्या. फोन आला तरच बोला. किती वेळा आला आणि कशासाठी, ते वहीत लिहा. भाव कुठे लिहिलेत, चावी कुठे, उधारीची वही कुठली, असेच प्रश्न येतील. ती यादी म्हणजे तुमचा उघडा कोपरा. तो बंद करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चहाला जा.

तुमच्या वहीत काय निघालं ते खाली नक्की लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू!