परीक्षा कोणाची?

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. संस्थेचे संचालक नोबेलविजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा वर्षभराच्या परीक्षाकाळाच्या अटीवर दार किलकिले झाले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

या यशाचे गोडवे गाताना ती अट मात्र विसरली जाते. पुरुषाला पदवी पुरे. स्त्रीने पदवीनंतरही पात्रता पुन्हा सिद्ध करावयाची! अशा अटीवर एखादी असामान्य स्त्री टिकते. उंबरठ्यावरूनच परतलेल्या गुणी मुलींची नोंद कोणत्याच दप्तरात सापडत नाही. परीक्षा व्हावयास हवी ती संस्थांच्या दृष्टीची.