सरपणाची बेगमी : तोडीपासून चुलीपर्यंत



पेरणी आपण नक्षत्र पाहून करतो, पण सरपण मात्र संपल्यावर आठवते. मग भर पावसात ओली लाकडे फुंकत बसावे लागते. घरात धूर कोंडतो आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांना व छातीला त्रास होतो. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाली, बऱ्याच घरांत गॅस आला. तरी अंघोळीच्या पाण्याला नि भाकरीला अजून चूल पेटतेच. म्हणून सरपणाचेही वेळापत्रक हवे.

ओले लाकूड का परवडत नाही?
ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे 10 किलोच्या मोळीत 4-5 किलो पाणीच आपण डोक्यावर वाहून आणतो. पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट त्याची वाफ करायला लागते. ही उष्णता भांड्याला न लागता वाया जाते.

केव्हा व काय तोडावे?
दिवाळीनंतर माघापर्यंत तोड उरकावी, म्हणजे पुढचा सगळा उन्हाळा वाळवायला मिळतो. आधी वाळलेल्या फांद्या, मग बांधावरची सुबाभूळ व गिरिपुष्प घ्यावे. यांचे खोड समूळ काढू नये. तिरपा, स्वच्छ काप घ्यावा. त्यावर पाणी थांबत नाही आणि नवे फुटवे येतात. बाभूळ, बोर, धावडा यांचा निखारा टिकतो. पांगारा, सावर भुरूभुरू जळून जातात. कण्हेर, शेर व बिब्बा चुलीत घालू नये. त्यांचा चीक व धूर बाधतो. झाड आपल्या बांधावरचे असले तरी काही जातींना तोडीची परवानगी लागते. कुऱ्हाड लावण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे चौकशी करावी.

फोडणे
लाकूड ओले असतानाच चुलीच्या मापाने तुकडे करून फोडावे. साल पाणी धरून ठेवते, त्यामुळे अख्खा ओंडका लवकर वाळत नाही. मनगटाएवढ्या जाडीच्या फाका पुरेत. ओंडका ठोकळ्यावर उभा ठेवावा, पाय फाकवून उभे राहावे आणि टोकाला असलेल्या भेगेवर घाव घालावा. गाठ आली तर कुऱ्हाडीशी झटू नका. लोखंडी पाचर बसवून घणाने ठोका. दांडा घट्ट आहे का ते आधी पाहा. पोरंबाळं लांब ठेवा.

रचणे
खाली दगड किंवा जाड बांबू टाकून वीतभर उंचीवर रास रचावी, म्हणजे वाळवी व ओल लागत नाही. एक थर उभा, एक आडवा ठेवून मध्ये फट सोडावी. मृगापूर्वी वरून पत्रा किंवा कागद टाकावा, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी झाकले तर आतल्या आत बुरशी धरते. रास घराच्या भिंतीला लावू नये. राशीत विंचू, फुरसे दडतात. काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये.

वाळले कसे ओळखावे?
टोकांना भेगा पडतात, साल सुटते, दोन फाका एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. खात्री करायची तर एका फाकेवर खूण करून आठवड्याला तिचे वजन करावे. वजन घटायचे थांबले की लाकूड तयार.

पऱ्हाट्यांविषयी महत्त्वाचे
तुराट्या पेटवणाला उत्तम. पऱ्हाट्यांची गोष्ट वेगळी. त्यांवर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते व पुढच्या कपाशीवर उतरते. म्हणून बोंडे तोडून नष्ट करावीत, गंजी शेताजवळ ठेवू नये आणि पऱ्हाट्या मृगापूर्वीच जाळून संपवाव्यात. जाड लाकूड पावसाळ्यासाठी राखावे.

चुलीपाशी
एका वेळी दोन-तीन बारीक फाकाच सरकवाव्यात. तोंडाशी गच्च भरल्यास हवा कोंडते व धूर होतो. दुसऱ्या दिवशीचे सरपण आदल्या रात्री चुलीपासून हातभर अंतरावर ठेवावे. अगदी लगत ठेवले तर ठिणगीने पेट घेईल.