पोटातील बाळाची वाढ : आईचे रक्त काय सांगते?

"डॉक्टर, सोनोग्राफीत बाळ लहान आहे असे आले. आता रक्ताची एक नवी तपासणी सांगितली आहे. करावी का?" आठव्या महिन्यातील गर्भवतीबरोबर आलेले नातेवाईक अलीकडे हा प्रश्न विचारतात. तपासणी खर्चिक असते. नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवावा लागतो आणि अहवालातले आकडे पाहून घरचे घाबरून जातात. म्हणून ही तपासणी नेमकी कशाची, हे आज समजून घेऊ.

लहान बाळ आणि वाढ खुंटलेले बाळ

प्रत्येक लहान बाळ आजारी नसते. आईवडील चणीने लहान असतील, तर बाळही लहानखुरे पण ठणठणीत असू शकते. काळजी असते ती वाढ खुंटलेल्या बाळाची. त्याला जेवढे वाढायचे होते तेवढे अन्न व प्राणवायू मिळालेला नसतो. असे बाळ पोटातच दगावण्याचा किंवा कळांचा ताण सहन न होण्याचा धोका जास्त असतो. जन्मानंतर त्याचे अंग लवकर गार पडते, रक्तातील साखर उतरते. सोनोग्राफीत वजनाचा अंदाज येतो, पण बाळ मुळातच लहानखुरे आहे की उपाशी आहे, हे एका वजनावरून कळत नाही. येथे रक्ततपासणीची मदत होऊ शकते.

वारेची तक्रार रक्तात

बाळाला सारे पोषण वारेतून मिळते. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावून वारेकडे भरपूर रक्त जाऊ लागते. हे नीट झाले नाही, तर पुढे वार थकते. निरोगी वार 'पीएलजीएफ' नावाचे प्रथिन आईच्या रक्तात सोडते. थकलेल्या वारेतून ते कमी येते आणि त्याला अडवणारे 'एसफ्लट-१' हे दुसरे प्रथिन वाढते. या दोहोंचे प्रमाण म्हणजेच ही तपासणी. बोस्टन येथील डॉ. अनंत करुमंची व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एसफ्लट-१ चा गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकाराशी असलेला संबंध दाखवला. आजही या तपासणीचा मुख्य उपयोग त्याच विकारासाठी होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीएलजीएफ साधारण तिसाव्या आठवड्यापर्यंत वाढते आणि नंतर आपोआप कमी होते. त्यामुळे एकच आकडा एका आठवड्यात चिंतेचा, तर दुसऱ्या आठवड्यात सामान्य असू शकतो. पाळीची तारीख चुकली, की अहवालाचा अर्थही चुकला. शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवणे आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी जपून ठेवणे, हे या तपासणीइतकेच मोलाचे आहे.

विश्वास किती ठेवावा?

इंग्लंडमधील केंब्रिज येथे पहिलटकरणींवर मोठा अभ्यास झाला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गरज वाटली तरच सोनोग्राफी केली, तेव्हा लहान बाळांपैकी शंभरात २० जन्माआधी ओळखता आली. शेवटच्या तिमाहीत सरसकट सर्वांची केली, तेव्हा ५७ सापडली. म्हणजे यंत्रातूनही बरीच निसटली. सोनोग्राफीला रक्तातील या प्रमाणाची जोड दिल्यावर, कोणत्या बाळाला खरा धोका आहे हे अधिक चांगले कळले, असे याच गटाला २०१८ मध्ये आढळले. २०२० मध्ये त्यांनी छत्तिसाव्या आठवड्यातील रक्तातील चार घटकांचे आणखी एक प्रमाण सुचवले. ते नेहमीच्या वापरात आलेले नाही. सारांश, रक्ततपासणी ही सोनोग्राफीची जोडीदार आहे, तिची जागा घेणारी नव्हे.

अहवाल वाईट आला तर?

खुंटलेली वाढ भरून काढणारे औषध आज नाही. सिल्डेनाफिल या औषधाची नेदरलँड्समध्ये सुरू असलेली चाचणी २०१८ मध्ये थांबवावी लागली. बाळांना फायदा दिसेना आणि फुफ्फुसांना अपाय होत असल्याची शंका आली. महागड्या पावडरींवर विसंबून राहू नये. खरा उपाय म्हणजे बाळावर बारीक लक्ष ठेवणे, डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहणे आणि योग्य वेळी, नवजात बाळाची सोय असलेल्या रुग्णालयात बाळंतपण करणे. ही वेळ ठरवायला अहवालाची मदत होते.

आपल्या हातचे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. अठ्ठाविसाव्या आठवड्यात ज्या हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खात, ज्यांच्या रक्तात फोलेट चांगले होते, त्यांची बाळे वजनाने भरीव होती. फार अंगमेहनत पडणाऱ्यांची बाळे लहान होती. तेव्हा पुढील गोष्टी पाळाव्यात :

• 'बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल' म्हणून कमी खाऊ नये. रोज पालेभाजी, डाळ, दूध, फळ पोटात जावे.

• मशेरी व तंबाखू पूर्ण बंद करावी. पाण्याच्या हंड्यांचे व शेतातील जड काम घरच्यांनी वाटून घ्यावे.

• दर तपासणीला वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टेपने पोटाची उंची पाहून घ्यावी. चोविसाव्या आठवड्यापासून ही उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. तीन सेंटिमीटरने मागे असल्यास सोनोग्राफी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची तपासणी मोफत होते.

• बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर 'झोपले असेल' म्हणून सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. रक्ताचा अहवाल उत्तम आलेला असला, तरीही ती लागू आहे. कागदावरचा आकडा नमुना घेतला त्या दिवसाचा असतो. बाळ आज कसे आहे, हे त्याची हालचालच सांगते, आणि ती फक्त आईलाच जाणवते. तिने शंका बोलून दाखवली, तर घरच्यांनी ती उडवून लावू नये.