पास्ता परका नाही : बन्सी गहू, नखुल्या आणि रात्रीचं जेवण



पुण्यात शिकायला ठेवलेली मुलगी सुट्टीला घरी येते. दोन दिवस पिठलं-भाकरी आवडीनं खाते आणि तिसऱ्या दिवशी म्हणते, "आई, आज पास्ता कर ना." मग दुकानातून पुडा येतो. पुष्कळदा तो मैद्याचा असतो. सोबतच्या मसाल्याच्या पुडीत मीठच जास्त. पाच माणसांना तीन-चार पुडे लागतात, पैसे जातात, आणि तासाभरानं पोरं पुन्हा डबे उघडून बघतात. म्हणून आज आम्ही पास्त्यावर बोलणार आहोत. हा पदार्थ गव्हाचा आणि हाताचा आहे. त्याला लागणारा गहू आपल्या रानात पिकतो आणि लागणारी कला आपल्या आजीच्या बोटांत आहे. गहू आणि कला या दोन्ही गोष्टी आपल्याकडून हळूहळू सुटत चालल्या आहेत, आणि त्याच आपण पुड्यातून विकत घेतो आहोत.

आधी गहू समजून घेऊ

पोळीचा गहू वेगळा आणि शेवयांचा गहू वेगळा, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना चांगलं ठाऊक असतं. शेवयांना त्या बन्सी गहू मागतात. बन्सीचा दाणा टणक, पिवळसर आणि काचेसारखा चमकणारा. जात्यात किंवा गिरणीत घातला की त्याचं मऊ पीठ लवकर होत नाही, रवा पडतो. त्या रव्याची शेवई उकळत्या पाण्यात टाकली तरी विरघळत नाही, मोकळी राहते. मैद्याची केली तर चिकट गोळा होतो.

या बन्सी गव्हालाच जगभर ड्युरम म्हणतात आणि इटलीचा पास्ता त्याचाच असतो. तिथं १९६७ साली कायदाच झाला, की कारखान्यात सुकवून विकायचा पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. म्हणजे तिकडच्या सरकारनं जे कागदावर लिहिलं, ते आपल्या आज्या उन्हाळ्यात अंगणात बसून पाळत आल्या आहेत.

आपल्याकडे बन्सी पूर्वी काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर यायचा. पाण्याची सोय झाली तशी पोळीच्या गव्हाची वाणं वाढली आणि बन्सीचा पेरा मागं पडला. पण या गव्हावरचं काम थांबलेलं नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावानं ती सुरू झाली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे पहिले संचालक. या संस्थेनं काढलेलं 'एमएसीएस ४०२८' हे बन्सीचं वाण कोरडवाहू शेतीसाठी आहे. ते साधारण १०२ दिवसांत तयार होतं. त्यात प्रथिनं सुमारे १४.७ टक्के, आणि किलोमागं लोह सुमारे ४६ मिलिग्रॅम व जस्त सुमारे ४० मिलिग्रॅम असतं. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं 'पंचवटी' हे वाणही बन्सीच आहे. घरी शेत असेल तर या रब्बीला दोन-चार सरी बन्सीच्या घालायला हरकत नाही. बियाण्याची चौकशी कृषी सहायकाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात करा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लोह आणि जस्त हे दाण्याच्या कोंड्यात आणि अंकुरात जास्त असतं. रवा फार चाळून पांढराफटक केला तर ते कोंड्याबरोबर निघून जातं. म्हणून गिरणीवाल्या दादांना रवाळ दळायला सांगा आणि घरी जाड चाळणीनं एकदाच चाळा.

आकार आपल्या ओळखीचे

पास्त्याची चित्रं पाहिली की आपल्याला वाटतं, हे यंत्राशिवाय कसं होणार? आता आपलं वळवट आठवा. नखाएवढी गोळी बोटानं दाबून केलेली नखुली. फणीवर वळवून रेघा उमटवलेली फणोली. गव्हाच्या दाण्याएवढे गव्हले. काडीला पीठ गुंडाळून केलेले सरगुंडे. लग्नघरी पाच सवाष्णी बसून गव्हले-मालत्या करतात आणि ते रुखवतात मांडतात. हे सगळे पास्त्याचेच आकार आहेत.

दक्षिण इटलीत बारी नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या गल्ल्यांत बायका दाराबाहेर टेबल मांडून, गप्पा मारत पास्ता वळतात आणि तिथंच विकतात. बन्सीचा रवा आणि पाणी, एवढंच साहित्य. अंडं लागत नाही. त्या आकाराचं नाव 'ओरेक्किएत्ते', म्हणजे छोटे छोटे कान. आपली नखुली अंगठ्यानं थोडी मोठी दाबली की तोच कान तयार होतो.

पाच माणसांसाठी नखुल्यांचा पास्ता

आता कागद-पेन घ्या.

अर्धा किलो बारीक बन्सी रवा परातीत घ्या. रवा जाड असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवा. चिमूटभर मीठ घाला. कोमट पाणी सगळं मिळून साधारण पाव लिटर लागेल, पण ते थोडं थोडं घाला. पीठ पोळीपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठासारखं हवं. सुरुवातीला ते भगराळ वाटेल. घाबरून पाणी ओतू नका. दहा मिनिटं तळहातानं रेटून मळा, मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. रवा पाणी पितो आणि गोळा गुळगुळीत होतो.

बोटाएवढी वळकटी करा. तिचे हरभऱ्याएवढे तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा पोळपाटावर अंगठ्यानं दाबून आपल्याकडे ओढा, म्हणजे खोलगट शिंपली होते. त्या खोलग्यातच नंतर रस्सा अडकतो, म्हणून हा आकार चवीलाही चांगला. नवी चाळणी किंवा स्वच्छ फणी असेल तर तिच्यावर दाबा, रेघा उमटतील. या कामाला सगळं घर बसवा. मुलं, नवरा, सासूबाई, सगळे. पाच जण बसले तर अर्ध्या तासात परात भरते. रोजच्या स्वयंपाकाएवढीच मेहनत होते, फक्त ती एकटीच्या अंगावर पडत नाही.

सॉससाठी एक किलो पिकलेले लाल टोमॅटो, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, एक कांदा, दोन पळ्या शेंगदाण्याचं तेल, चवीला मीठ आणि एखादी सुकी मिरची. तेल मंद तापवून त्यात ठेचलेला लसूण घाला. तो नुसता पिवळसर होऊ द्या. करपला तर सगळं कडू होतं. मग कांदा, मग चिरलेले टोमॅटो. झाकण ठेवून दहा मिनिटं, आणि झाकण काढून पंधरा मिनिटं शिजवा. तेल सुटून कच्चा वास गेला की झालं. टोमॅटो आंबट असतील तर सुपारीएवढा गूळ घाला. हळद, गरम मसाला, धणे-जिरे यातलं काही घालायचं नाही. घातलंत तरी बिघडत नाही, पण मग ती आपली रस्साभाजी होते आणि मुलगी म्हणते, "हा पास्ता नाही."

मोठ्या पातेल्यात तीन-चार लिटर पाणी उकळा. त्यात तीन लहान चमचे मीठ घाला. पाणी खळखळायला लागलं की नखुल्या सोडा आणि एकदा ढवळा. त्या वर तरंगायला लागल्या की आणखी दोन-तीन मिनिटं थांबा. एक चावून बघा. मधे कच्चं पीठ लागता कामा नये, पण दाताला थोडा घट्टपणा जाणवला पाहिजे. घरात दात नसलेली म्हातारी माणसं असतील तर त्यांचा वाटा आणखी दोन मिनिटं शिजवा.

आता सगळं पाणी फेकू नका. एक वाटी बाजूला ठेवा. त्यात रव्याचं पिठूळ उतरलेलं असतं. निथळलेल्या नखुल्या सॉसमध्ये घाला, वरून हे अर्धी वाटी पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवा. सॉस नखुल्यांना धरून बसतो. बाजारच्या चीजची गरज राहत नाही. वरून हवं तर घरचं पनीर कुस्करून घाला. अर्धा लिटर दूध लिंबानं फाडलं तर पाच जणांना पुरतं, आणि उरलेल्या पाण्यात रवा मळता येतो.

वासाची पानं

पास्त्याला जो वेगळा वास येतो तो दोन पानांचा. पहिलं इटलीची तुळस. उन्हाळ्यात सरबतात आपण सब्जा टाकतो ना, त्याच सब्ज्याच्या रोपाची ही पानं. सब्ज्याचं बी कुंडीत पेरलं की आठवड्याभरात उगवतं. कोवळी पानं गॅस बंद केल्यावर हातानं तोडून घाला. दुसरं पान ओरेगॅनो. हा आपल्या मरव्याचा भाऊबंद आहे. पुण्याच्या मंडईत गजऱ्यात गुंफलेला मरवा मिळतो, पण तो फुलबाजाराचा असतो. त्यावर काय फवारलंय ते कळत नाही, म्हणून तो खाऊ नका. घरच्या कुंडीतलाच वापरा. दोन्ही नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चुरून घाला. वास बराचसा त्या वळणाचा येतो.

चवळीचा पास्ता, म्हणजे आपली वरणफळं

इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांच्या घरी मांस रोज नसायचं. ते वाल-घेवड्याच्या उसळीतच पास्त्याचे तुकडे शिजवायचे. त्याला 'पास्ता ए फाजोली' म्हणतात, म्हणजे पास्ता आणि शेंगदाणे नव्हेत, तर पास्ता आणि घेवडा. आपण तुरीच्या वरणात पोळीचे तुकडे सोडून वरणफळं किंवा चकोल्या करतो, त्याचंच हे दुसरं रूप.

एक वाटी चवळी किंवा घेवडा रात्रभर भिजवा आणि कुकरमध्ये मऊ शिजवा. तेलावर कांदा, लसूण, गाजर आणि चार टोमॅटो परता. त्यात चवळी तिच्या पाण्यासकट घाला. अर्धी चवळी पळीनं ठेचा, म्हणजे रस्सा दाट होतो. उकळी आली की दोन वाट्या नखुल्या त्यातच सोडा. एकाच भांड्यात जेवण तयार, इंधनही कमी.

दोन्हीत रोजच्या जेवणासाठी आम्ही हा प्रकार सुचवू. गव्हाच्या प्रथिनात जो घटक कमी असतो तो कडधान्यात भरपूर असतो, आणि कडधान्यात जो कमी तो गव्हात मिळतो. दोन्ही एकत्र आले की वाढत्या मुलांना पुरेपूर प्रथिनं मिळतात. नुसत्या टोमॅटोच्या पास्त्यानं पोट भरतं, पण पोषण अर्धंच होतं.

पथ्याच्या दोन गोष्टी

आपल्या सांगली, सातारा, कोल्हापूर भागात खपली गहू होतो. इटलीतही तो 'फार्रो' या नावानं पिकतो आणि त्याचाही पास्ता होतो. चवीला तो छान लागतो. पण खपली खाल्ल्यानं साखर बरी होते असं सांगून कोणी चढ्या भावानं विकत असेल तर भुलू नका. मधुमेहाच्या माणसानं पास्ता पोळीच्या हिशेबानंच खावा, सोबत कडधान्य आणि भाजी जास्त घ्यावी, आणि औषध बंद करू नये. ज्यांना डॉक्टरांनी गहूच बंद केलाय त्यांनी बन्सी आणि खपली दोन्ही टाळावेत.

गटासाठी

चैत्र-वैशाखात शेवया-कुरडयांबरोबर नखुल्याही वाळवून ठेवता येतात. आधी एक दिवस सावलीत फडक्यावर, मग दोन दिवस उन्हात. मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे. वाकली तर ती अजून ओली आहे, डब्यात बुरशी धरेल. वाळलेल्या नखुल्या शिजायला दहा-बारा मिनिटं लागतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव पडतात तेव्हा टोमॅटोही चिरून, मीठ लावून, पातळ फडक्याखाली वाळवा. इटलीत तेही करतात.

विकायचं मनात असेल तर आधी चार घरांत शिजवून बघा, अन्न परवाना नोंदणी करा, आणि पाकिटावर 'बन्सी रवा' असं स्पष्ट लिहा. मैदा मिसळून ते नाव लावू नका. पुण्यातल्या भीमथडी जत्रेत शहरातली गिऱ्हाइकं बचत गटांच्या गाळ्यांवर नेमकं हेच शोधत येतात : कोणी केलं, कशाचं केलं.

जाता जाता या आठवड्याचं काम सांगतो. आपल्या वाडीत नखुल्या, फणोल्या, सरगुंडे करणारी सगळ्यांत वयस्क बाई कोण आहे ते शोधा. गटाच्या पुढच्या बैठकीला तिला मानानं बोलवा, रव्याची परात तिच्यापुढं ठेवा आणि मुली-सुनांना शेजारी बसवा. तिच्या बोटांतलं कसब पुढच्या पिढीच्या बोटांत उतरलं, तर रात्रीच्या जेवणाला पुड्यावाचून आपलं अडणार नाही.