अभ्यासाच्या दिवसांत पोटाचं काय?

वस्त्यांमधल्या विहारांत ज्या अभ्यासिका चालतात, तिथे आम्ही अधूनमधून वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायला बसतो. मशीन काढण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? उत्तरं थोड्याफार फरकाने सारखीच येतात. सकाळी चहा आणि खारी, नाहीतर बटर. दुपारी कॉलेजबाहेर वडापाव. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री साडेदहाला घरी गेल्यावर जे उरलं असेल ते, म्हणजे भात जास्त आणि डाळ पातळ. काहीजण दुपारचं खाणंच गाळतात. जेवलं की झोप येते, असं त्यांचं म्हणणं. मग चार वाजता डोकं दुखतं, वाचलेलं लक्षात राहत नाही, घरी चिडचिड होते. घरचे म्हणतात, परीक्षेचं टेन्शन आहे. टेन्शन असेलही, पण बऱ्याचदा आधी पोट रिकामं असतं.

शरीर स्वस्थ बसलेलं असताना जेवढी ऊर्जा लागते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खर्च करतो. सहा तास पुस्तकापुढे बसणारं पोर नुसतं बसलेलं दिसतं, म्हणून त्याला कमी लागत असेल असं समजू नका. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची तर वाढही चालू असते.

यावर पोरं आम्हाला हमखास ऐकवतात, "ताई, बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी राहून शिकले. आम्हाला काय होतंय?" अर्धपोटी राहिले हे खरं. जवळ पैसे नव्हते म्हणून राहिले. पण परत आल्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना तसं राहायला सांगितलं नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. शिकायचं तर राहण्या-जेवण्याची सोय आधी, हा त्यामागचा हिशेब होता. तेव्हा उपाशी राहून अभ्यास करण्यात मोठेपणा मानू नका, आणि आईबापांनीही त्याचं कौतुक करू नये.

आता अडचण काय आहे ती आम्हाला ठाऊक आहे. दहा बाय बाराची खोली, पाणी पहाटे पाचला येऊन सहाला जातं, आई सातला कामावर निघते, फ्रिज असेलच असं नाही. म्हणून इथे आम्ही जे सांगणार आहोत त्याला एक शेगडी, एक कुकर आणि एक तवा पुरतो. ओट्स, ॲव्होकॅडो वगैरे मोबाईलवर दिसणाऱ्या गोष्टींच्या नादाला लागायचं कारण नाही. आपल्या फडताळातल्या डब्यांत त्याहून चांगलं सामान पडलेलं असतं.

सकाळचं आधी. रात्रीची भाकरी किंवा पोळी उरली असेल तर तिचा कुस्करा करा. कांदा, मिरची, हळद यांची फोडणी, वर मूठभर शेंगदाणे, दोन मिनिटं झाकण. सात मिनिटांत होतो. पोहे करायचे तर त्यातही शेंगदाणे मोजून चार टाकू नका, मूठभर टाका आणि लिंबू पिळा. ज्यांना शेगडी पेटवायलाही वेळ नाही त्यांच्यासाठी सातूचं पीठ आहे. गहू आणि डाळवं भाजून गिरणीतून दळून आणायचं. पेल्यात चार चमचे पीठ, गुळाचा खडा, पाणी किंवा दूध. ढवळायचं आणि प्यायचं. आपल्या आज्यांना हे माहीत होतं, मधेच बिस्किटाच्या पुड्याने त्याची जागा घेतली.

भाताबद्दल एक सावधगिरी. फ्रिज नसेल तर रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची सवय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोडा. उबेला राहिलेल्या भातात जंतू विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. उलट्या-जुलाबाने पेपर बुडालेली पोरं आम्ही पाहिली आहेत. भात रात्री लागेल तेवढाच लावा. उरवायचीच तर भाकरी उरवा, ती बरी टिकते. त्याच कारणाने डब्यातही भात नको. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडणार असेल तर कोरडं द्या.

कोरडं म्हणजे काय काय? पोळी-भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी; लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली, पाण्याचा थेंब न लावलेली, पंधरा दिवस सहज राहते. विदर्भ-मराठवाड्याकडच्या घरांत जवसाची, कारळ्याची चटणी होते, तीही उत्तम. चण्याच्या पिठाचं धिरडं दहा मिनिटांत होतं. पिठात चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर आणि ओवा घाला, दोन धिरडी गुंडाळून दिली की भाजी वेगळी लागत नाही. घट्ट झुणका आहेच.

आणि मोड आलेली मटकी. हिच्यात कष्ट कमी, पण आठवण ठेवावी लागते. आज सकाळी भिजत घातली, रात्री फडक्यात बांधली, की उद्या सकाळी मोड आलेले असतात. मूग, चवळी, हरभरे यांचंही तसंच, फक्त हरभऱ्याला जरा जास्त वेळ लागतो. कच्चं खाणं चांगलं असं कुणी सांगेल, पण आपल्या वस्तीतल्या पाण्याचा भरवसा आम्ही देणार नाही. कुकरला एक शिट्टी काढा, मग कांदा-लिंबू घालून खा किंवा सुकी उसळ करा. पावसाळ्यात फडक्याला बुळबुळ सुटली, आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. रुपयाकडे बघून खाऊ नका.

अंड्याबद्दल तर आम्ही तावातावाने बोलतो. आजच्या भावाने एका वडापावच्या पैशात साधारण दोन अंडी येतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. दहा-बारा मिनिटं उकळली की झालं. सालीसकट डब्यात टाका. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं ग्लासात कच्ची अंडी फोडून पितात, ते बंद करा. कच्च्यातून जंतू जातात, आणि शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं शरीराला जास्त लागू पडतात. हीच पोरं दोन-दोन हजारांचा पावडरचा डबा उधारीवर आणतात. त्या पैशात महिनाभर अंडी, चणे, शेंगदाणे आणि वर आठवड्याला मासळी होते. ज्या घरांत मांसाहार सोडलेला आहे तिथे मुठीएवढे फुटाणे आणि तेवढेच शेंगदाणे रोज खिशात असू द्या. दोन्ही मिळून दोन अंड्यांएवढी प्रथिनं सहज होतात.

सुकट, जवळा, सुका बोंबील यांत प्रथिनं भरपूर असतात आणि किंमत ताज्या मासळीपेक्षा कमी. पण डब्यात जवळ्याची चटणी नेलेली मुलगी कोपऱ्यात बसून घाईघाईने जेवते, कारण कुणीतरी नाक मुरडतं. आपल्या खाण्याबद्दलची ही लाज बाहेरून लावलेली आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात महार-मांगांच्या स्वयंपाकघराची नोंद केली, ती घरात वाचून दाखवावी अशी आहे. बाकी व्यवहाराचं बोलायचं तर बंद अभ्यासिकेत सुक्या मासळीचा वास दिवसभर राहतो हेही खरं. म्हणून ती रात्री घरी, गरम भाकरीबरोबर खा. चटणी नीट धुऊन, वाळू काढून, मीठ बेतानेच घालून करा, कारण सुक्या मासळीत मीठ आधीच असतं.

संध्याकाळी पाच ते सात ही वेळ सगळ्यात वाईट. भूक लागते, खिशात वीस रुपये असतात आणि समोर गाडी असते. पिशवीत कुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे एकत्र करून ठेवा. कांदा-लिंबू मिळालं तर भेळ, नाही मिळालं तरी चालतं. केळं घ्या. दोन मिनिटांच्या नूडल्स खाऊच नका असं आम्ही म्हणणार नाही, म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. निदान मसाल्याचं पाकीट अर्धंच टाका, कारण त्यात मीठ फार, आणि वर एक अंडं फोडा. रात्री जागण्यासाठी डब्यातली थंड उत्तेजक पेयं पिणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगतो: त्यात साखर आणि कॅफीनच असतं, छातीत धडधडतं, झोप उडते आणि दुसरा दिवसही वाया जातो.

रात्रीच्या जेवणाला मुगाच्या डाळीची खिचडी लावा. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, पालक, माठ किंवा शेवग्याचा पाला चिरून, तीन शिट्ट्या. डाळ पळीभर वाढवा, तांदूळ तेवढा कमी करा.

हे सगळं करायचं कुणी? आम्ही घरोघर जातो तेव्हा दिसतं की भाऊ बारावीला असला की बहीण त्याचा डबा भरते, आणि बहीण बारावीला असली तरी बहीणच डबा भरते. कुकर लावायला अठरा वर्षांच्या पोराला एक दिवस शिकवलं की पुरतं. मटकी भिजवणं, अंडी उकडणं, खाल्लेलं ताट घासणं ही कामं त्याने घ्यावीत. मुलीचा त्यातून रोजचा पाऊण तास वाचतो, तो तिच्या अभ्यासाचा.

मुलींचं आणखी एक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप, चक्कर, पाळीत जास्त रक्तस्राव, सतत झोप येणं, माती-खडू खावासा वाटणं ही लक्षणं दिसली तर आळशी म्हणून बोलू नका, हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर उपचार लागतो. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं हा समज सोडा; गुळातही लोह थोडंच. कलेजी, मटण, मासळी यांतलं लोह अंगी लागतं. पालेभाज्या आणि कडधान्यांतलंही लागतं, पण सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू हवा. जेवणाला लागून चहा घेतला तर तोच चहा लोह अडवतो. मधे तासाभराचं अंतर ठेवा. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती पोरी वहीत लपवून आणतात आणि फेकतात. मळमळतं म्हणून फेकतात. रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवून घ्या. शी काळी होते, त्याला घाबरू नका. जंताची गोळीही वर्षातून दोनदा घ्या, नाहीतर खाल्लेलं त्यांच्याच वाट्याला जातं.

गाव सोडून शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांनी चार जणांत एक शेगडी आणि एक कुकर घ्यावा. मेसचं पातळ वरण ज्यांना पुरत नाही त्यांनी निदान अंडी आणि फुटाणे खोलीत ठेवावेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज केला का, हे आम्ही प्रत्येकाला विचारतो. २०१६-१७ पासूनच्या या योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले, त्यातले ३२ हजार भोजनभत्ता म्हणून. दिवसाला ८७-८८ रुपये पडतात. हप्ता उशिरा येतो, तोवर किराणा उधारीवर चालतो. आला की त्यातून आधी दोन महिन्यांचा कोरडा शिधा भरून ठेवा: डाळ, मटकी, शेंगदाणे, फुटाणे, पीठ. मोबाईलचा हप्ता नंतर.

पेपरच्या दिवशी नवीन काही खाऊन बघू नका. पेपर अकराचा असेल तर नऊच्या सुमारास पोळी-अंडं, कुस्करा किंवा पोहे, पोटाला तड लागेल इतकं नको. चहा एकच. दोन पेपर असतील तर मधल्या वेळेसाठी केळं आणि शेंगदाण्याची पुडी पिशवीत ठेवा. पाण्याची बाटली घरून उकळलेल्या पाण्याची भरून न्या. केंद्राबाहेरचं बर्फ घातलेलं सरबत त्या दिवशी राहू द्या.